मदत हवी आहे: ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) टाकीत माणूस उतरवण्याआधी घातक गॅस नसल्याचा दाखला कोण देतं? (जळगाव)

मंडळी, जळगाव एमआयडीसीत तेल रिफायनरीत मेंटेनन्स बघतो. ईटीपीची जमिनीखालची टाकी साफ करायचीय. 12 फूट खोल, एकच मॅनहोल. पाणी उपसलंय, ब्लोअर चालू आहे, पण गाळ ढवळला की सडक्या अंड्यांचा वास पुन्हा उसळतो. हा वास ज्याचा, तो विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड वाढला की वास येणंच बंद होतं, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. ठेकेदार म्हणतो, कंदील सोडून बघू, पोरं तोंडाला रुमाल बांधून उतरतील. मी काम थांबवलंय.

1948 च्या कारखाने कायद्याचं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम 36 वाचलं, त्यात होतं: सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनसंच आणि पट्ट्याला दोर, त्याचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. शेठ खर्चाला तयार आहेत. जेटिंगची (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ काढणारी) गाडी टाकीपर्यंत पोचत नाही, म्हणजे माणूस उतरवावाच लागेल.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे असा दाखला देणारं, चार गॅस मोजणारं मीटर आणि ट्रायपॉड (माणूस वर ओढायची तिपाई) घेऊन येणारं कोणी आहे का? दुपारच्या सुट्टीनंतर परत उतरताना नवा दाखला लागतो का? आणि माणसं ठेकेदाराची असली तरी जबाबदारी कारखान्याचीच ना?