20 फुटांना 2 फूट उतार: कौलं की पत्रा?

प्रश्न: कोलशेतला बैठं घर आहे. छपराचा एकाच बाजूला उतार, 20 फुटांत फक्त 2 फूट. मंगलोरी कौलं चालतील का?

उत्तर: नाही. हा उतार जेमतेम 6 अंश. कौलांना 25-30 तरी हवा. कमी उतारावर वारा पाणी उलटं चढवतो, ते सांध्यातून आत येतं. 0.5 मिमीचा गॅल्व्हल्यूम (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी) पत्रा घ्या, 20 फुटी अखंड.

उत्तर: अखंड पत्रा गल्लीत वळत नसेल तर दोन तुकडे घ्या, आडव्या जोडावर वरचा पत्रा खालच्यावर 9 इंच चढवा, मध्ये ब्युटाइल टेपच्या (चिकट रबरी टेप) दोन पट्ट्या. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) वॉशरसह. वॉशरचं रबर बाजूने फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त आवळलंय; गळती तिथूनच.

उत्तर: वरच्या टोकाला पन्हळीचा तळ पकडीने वर वाकवून मगच फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) लावा. फॅब्रिकेटर हे हमखास टाळतात, समोर उभे राहा.