नाशकात भूकंपाची भीती कितपत? फ्लॅट घेतोय

पाथर्डीफाटा:
पेठ-सुरगाण्याकडे अधूनमधून जमीन हादरते, मामांच्या गावी मांडणीवरची भांडी वाजलेली मी स्वतः ऐकलीत. आता इकडे सात मजली बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघतोय, खाली नुसतं पार्किंग, बायको म्हणते नको. काय करू?

सिव्हिलवाला:
नाशिक झोन ३ मध्ये धरतात, म्हणजे मध्यम. पण झोनवर फार विसंबू नका राव, १९९३ ला किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं! वहिनींनी बरोबर धरलंय, मुद्दा पार्किंगचाच. वर विटांच्या भिंती न् खाली नुसते कॉलम, २००१ ला भूजपासून दोनशेच्या वर किलोमीटरवर अहमदाबादेत अशाच बिल्डिंगा बसल्या. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या लोखंडी कड्यांचे) हुक १३५ अंशात आत वळवलेत का बघा, ९० चे हादऱ्यात उघडतात.

जुनावाडा:
किल्लारीत लोक पहाटे झोपेत होते, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. तेव्हापासून आमची आई पलंगाच्या डोक्याशी फळी ठोकू देत नाही. मी कपाटं भिंतीला क्लॅम्प केलीत, हसा लेको.

पाथर्डीफाटा:
उद्या बिल्डरकडे ड्रॉइंग मागतो. चहा पाजून विषय बदलेल बहुतेक.