ओर्वियेतो (इटली): एक मुक्काम, सोबत गुडघेदुखी. काय पाहावं, कुठे चालावं?

उंबरठा_पुणे:
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी रोमहून फ्लॉरेन्सला जाताना वाटेत ओर्वियेतोला एक रात्र राहणार आहोत. आम्ही चौघं: मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सपाटीवर तासभर सहज चालतात, पण पायऱ्या उतरल्या की गुडघा धरतो. बाप-लेकीला मात्र ट्रेकची सवय आहे, त्यांना गाव ज्या कड्यावर आहे त्याच्या खालच्या वाटेने चालायचं आहे.

गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन बरी? ती प्रसिद्ध विहीर सासूबाईंना जमेल का? आणि जवळचं चिविता दि बान्योरेजो हे जुनं गाव याच मुक्कामात बसवणं शहाणपणाचं आहे का? आम्ही अंडंही न खाणारे शाकाहारी आहोत, तेही लक्षात घ्या.

रुळावरून:
फक्त ओर्वियेतोसाठी गाडी घेऊ नका. गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते. तरी घेतलीतच तर गाडी पश्चिमेला कड्याखाली काम्पो देल्ला फिएराच्या पार्किंगमध्ये ठेवा, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट वर गावात नेतात. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढून घ्या.

ट्रेन सोपी. रोमच्या तेर्मिनी स्टेशनाहून प्रादेशिक गाडीला साधारण सव्वा तास, तिथून फ्लॉरेन्सला दोन-सव्वादोन तास. अतिवेगवान गाड्या इथे न थांबता निघून जातात, त्यामुळे बुकिंग करताना 'रेजोनाले' शोधा. या गाड्या तेर्मिनीला बऱ्याचदा 'एस्ट' लिहिलेल्या लांबच्या फलाटांवरून सुटतात. मुख्य हॉलपासून तिथवर दहा मिनिटं चालावं लागतं, आणि गाड्या चुकतात त्या इथेच. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या. मोबाइलवरचं असेल तर त्याचं चेक-इन करा. हे राहिलं तर पैसे भरलेले असूनही दंड होतो.

स्टेशन खाली, गाव वर. स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर आहे, म्हणजे उतारावर रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा. १८८८ मध्ये तो पाण्याच्या वजनावर चालायचा. १९७० मध्ये बंद पडला आणि १९९० पासून विजेवर पुन्हा सुरू झाला. काही मिनिटांत वरच्या पियाझा काहेन या चौकात पोचवतो आणि तिथून कॅथेड्रलकडे मिनीबस मिळते. सासूबाईंसाठी ती बस घ्याच, कारण मुख्य रस्ता सौम्य असला तरी सगळा चढाचा आहे.

तारखा ठरवताना कोर्पुस दोमिनी बघून घ्या. हा सण ईस्टरनुसार सरकतो, मेअखेर किंवा जूनमध्ये येतो. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी तो सगळ्या कॅथलिक चर्चसाठी जाहीर केला तो इथूनच, त्यामुळे इथली मिरवणूक मोठी असते आणि खोल्या फार आधी भरतात.

तुफा:
ओर्वियेतो नीट समजून घ्यायचं तर आधी खालचा खडक बघा. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, कुदळ आपटली तर ठिणगी उडेल असा. हा कडा ज्वालामुखीच्या राखेचा दगड झालेला, मऊ. याला तुफो म्हणतात. एट्रुस्कन काळापासून (रोमनांच्या आधी इथे राहणारे लोक) लोकांनी तो हातकुदळीने कोरून तळघरं, विहिरी, तेलघाणे केले, आणि गावाखाली अशा सुमारे १२०० जागांची नोंद आहे. तुफोच्या खाली चिकणमातीचा थर. पावसाचं पाणी दगडातून झिरपत मातीपर्यंत जातं, पुढे जिरत नाही, म्हणून झरे कड्याच्या पायथ्याशी फुटतात. माथा कोरडा राहतो आणि पायथ्याची माती सरकून कडा ढासळतो. विहीर, भुयारं, दरडी, इथलं सगळं या एकाच गोष्टीतून आलेलं आहे.

बाप-लेकीसाठी: कड्याला वळसा घालणाऱ्या वाटेचं नाव आनेल्लो देल्ला रूपे. पूर्ण फेरी सुमारे ५ किलोमीटरची, थांबत थांबत दोन तास. अवघड काही नाही, पण सपाटही नाही. मध्ये चढउतार आणि पायऱ्या आहेत. पाऊस पडून गेला असेल तर उघड्या मातीवर पाय घसरतो, तेव्हा गुळगुळीत तळव्याचे स्नीकर्स नकोत. उत्तरेची बाजू झाडीची आणि सावलीची, दक्षिणेला ऊन लागतं. वाटेत पाणी विकत मिळेल असं धरू नका, माणशी एक लिटर वरूनच भरून न्या.

माझं मत विचाराल तर पूर्ण फेरीचा आग्रह नको. सकाळी आठला पियाझा काहेनपासून उत्तरेच्या बाजूने निघा, क्रोचिफिस्सो देल तुफोची दफनभूमी बघा, पुढे पश्चिम टोकाला पोर्ता माज्जोरे या वेशीतून गावात वर या. शेवटचा रस्ता खडा चढाचा, पण छोटा. दफनभूमीचं तिकीट वेगळं असतं. तिच्या उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा आणि त्यानुसार निघायची वेळ मागेपुढे करा.

इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात या थडग्यांच्या गल्ल्या आखल्या गेल्या, काटकोनात, एखाद्या वसाहतीसारख्या. तुफोचे चिरे चुन्याशिवाय रचलेले, आत देह ठेवायचे दगडी ओटे. प्रत्येक दाराच्या वरच्या शिळेकडे मान वर करून बघा. घराण्याचं नाव कोरलेलं दिसेल, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं आहे. कोवळ्या तिरप्या उन्हात ती अक्षरं उठून दिसतात, दुपारी दगडात हरवतात.

ओवरी:
विहिरीबद्दल. सासूबाईंना विहिरीत उतरवू नका. पोत्सो दि सान पात्रित्सिओ सुमारे ५३ मीटर खोल आहे. एका जिन्याने २४८ पायऱ्या उतरायच्या, तळाशी पाण्यावरचा छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या जिन्याने तेवढ्याच चढायच्या. लिफ्ट नाही. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत, पण बाहेरच्या बाजूला उतरत्या आणि खाली दमट. उतरताना धरणाऱ्या गुडघ्याला नेमका याचाच त्रास.

बाकीच्यांनी मात्र चुकवू नये. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवे क्लेमेंट निसटून इथे आले. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी अंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून विहीर खोदवली, ती पुरी झाली १५३७ मध्ये. दोन जिने एकमेकांभोवती गुंफलेले आहेत पण एकमेकांना कुठेही मिळत नाहीत. रिकामी खेचरं एकाने उतरायची, भरलेली दुसऱ्याने चढायची, समोरासमोर येऊन खोळंबा होणार नाही. साताऱ्याजवळची लिंबची बारामोटेची विहीर पाहिली असेल तर तुलना करून बघा. तिथे बैल काठावर आणि मोट खाली, इथे जनावरच तळापर्यंत. निम्म्यावर थांबून मधल्या खिडकीतून पलीकडे बघा, दुसऱ्या जिन्यावरची माणसं समोरून वर जाताना दिसतात पण तिथे पोचायला तुम्हाला तळ गाठावाच लागतो. चौदा वर्षांच्या मुलीला हे कोडं आवडेल.

विहीर फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनाशेजारीच आहे, म्हणून ती निघण्याच्या दिवशी शेवटी ठेवा. सासूबाई तोवर बॅगांपाशी लगतच्या किल्ल्याच्या बागेत बाकावर बसतील. तिथून पालिया नदीचं खोरं छान दिसतं. अर्धा-पाऊण तास धरा.

भुयारं गाइडसोबतच पाहता येतात, फेरी कॅथेड्रलच्या चौकातून निघते, तासाभराची. इथेही पायऱ्या आहेत आणि एक बोळ अगदी अरुंद आहे. सासूबाईंचा निर्णय तिकीट काढण्याआधी घ्या. आत गारवा असतो, पातळ जॅकेट न्या. भिंतीत चौकोनी खणांच्या रांगाच्या रांगा दिसतील, ती कबुतरांची घरटी. कबुतरं कड्यातल्या खिडकीतून दाणे टिपायला बाहेर जायची, परत यायची आणि मालकाच्या ताटात पडायची. पाळायला खर्च शून्य.

कॅथेड्रल दुपारनंतर. त्याची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, सकाळी तिथे सावली असते आणि मोझेक मंद वाटतात. पाच-साडेपाचनंतर सोनं पेटतं. आत मात्र चारच्या सुमारास जा, सान ब्रित्सियोच्या कपेल्यातली (आतल्या छोट्या प्रार्थनागृहातली) लुका सिन्योरेल्लीची १४९९ ते १५०४ मधली भित्तिचित्रं निवांत बघा, मग बाहेर येऊन पायरीवर बसा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दाराच्या बाजूच्या चार रुंद खांबांवरचं कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होतं. सगळ्यात डावीकडच्या खांबावर हव्वेला घडवण्यासाठी झोपलेल्या आदमच्या कुशीत देव हात घालतो आहे ते शोधा. हे सासूबाईंना एकही पायरी न चढता बघता येईल.

उंबरठा_पुणे:
खूप आभार! विहिरीचा प्रश्न मिटला. चिविता आणि जेवणाचं कुणी सांगेल का?

रुळावरून:
एका रात्रीत चिविता नको, असं मी म्हणेन. ओर्वियेतोहून बान्योरेजोला बस जाते, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी नाहीत. तिकीट तंबाखूच्या दुकानातून आधी घ्यावं लागतं. बस उतरल्यावर पुलापर्यंत वीसेक मिनिटं चाल, मग ३०० मीटरचा पादचारी पूल, ज्याचा शेवट चांगलाच खडा आहे. अर्धा दिवस जातोच. गुडघ्याला तो पूल दोनदा.

तुफा:
चाल आणि चढ खरेच, पण एक रात्र वाढवता आली तर जरूर जा. तोच तुफो, तीच माती, फक्त तिथे झीज इतकी पुढे गेली आहे की गावाला जोडणारी धारच खचली आणि पूल बांधावा लागला. भोवतीच्या मातीच्या उघड्या धारा ओर्वियेतोहून दिसत नाहीत. वस्ती उरली आहे जेमतेम डझनभर माणसांची.

ओवरी:
जेवण: इथला पास्ता म्हणजे उंब्रिकेल्ली, जाड शेवयांसारखा, पारंपरिक कणीक पीठ-पाण्याची, अंड्याशिवाय. तरी "सेन्त्सा उओवा?" असं विचारून घ्या, कारण इतर ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. टोमॅटो-लसणाचा किंवा ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी अळंबी) सॉस मागा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर डुकराच्या चरबीचे तुकडे तरीही येऊ शकतात, म्हणून "सेन्त्सा ग्वांचाले, सेन्त्सा पांचेत्ता" असं नाव घेऊन सांगा. पेकोरिनो चीजमध्ये सहसा प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो जनावराच्या जठरातला अंश) असतं, ते चालत नसेल तर आधीच नको म्हणा. बेकरीत गोगलगाईच्या आकाराचे लुमाकेल्ले दिसतील, दिसायला साधा पाव, आत चीजसोबत डुकराचं मांस. ते टाळा. भाकरीसारख्या पावात मीठ नसतं, ती चूक नव्हे, तशीच पद्धत आहे.

स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, ती संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतात. मुक्काम गुरुवारी किंवा शनिवारी येत असेल तर सकाळी पियाझा देल पोपोलोत बाजार असतो. बाप-लेक कड्याखाली असतील तेव्हा तुम्ही दोघी तिथे चेरी घ्या, मेअखेर हंगाम असतो.