धडगावला एमओची (सरकारी मेडिकल ऑफिसरची) पोस्ट, जादा भत्त्यावर जावं का?

एमबीबीएस झालंय, बॉन्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) १ वर्ष करायचंय, नाहीतर १० लाख भरा. नंदुरबारमधलं धडगाव मिळतंय, भत्ता जादा आहे म्हणे. कोणी राहिलंय का तिकडे?

सातपुड्याचा पाहुणा: मी २ वर्षं काढली. भत्ता मिळतो पण वेळेवर नाही, माझा ५ महिने अडकलेला. क्वार्टरचं छत गळायचं, औषधांच्या खोक्यांवर ताडपत्री टाकून झोपायचो. नर्सताई पावरी (तिथली आदिवासी बोली) बोलायच्या म्हणून ओपीडी चालली, त्यांना मात्र ११ महिन्यांचं कंत्राट!

पीजीवाला: पैशापेक्षा मार्क बघ रे, दुर्गम भागात सरकारी सर्व्हिस केली की नीट पीजीला (एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) राज्य सरकार मिळालेल्या मार्कांवर वर्षाला १०% पर्यंत, जास्तीत जास्त ३०% जादा मार्क देऊ शकतं. आमच्या बॅचचे त्यासाठीच गेले, आणि सीट मिळाल्यावर परत कोण फिरकलं? कोणीच नाही.

सातपुड्याचा पाहुणा: बरोबर. जाण्याआधी क्वार्टर बघून ये, पावसात.