विषय: तिसऱ्या अ‍ॅडव्हेंटला ढोल न्यायचे की नाहीत?

सुप्रिया (सचिव):
मंडळी, चर्चच्या पास्टोरिनबाईंचा (पाद्रीबाईंचा) आज पुन्हा फोन आला. रविवार १४ डिसेंबरला (तिसरा अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला तिसरा) आपल्याला प्रार्थनेनंतरची वीस मिनिटं दिली आहेत, कॉफी-केकच्या आधी. ढोलपथकाने परस्पर होकार कळवलेला, पण त्या म्हणतात ढोल सभागृहात नको. येणाऱ्यांत युद्धातून आलेल्या युक्रेनच्या आया आणि मुलं बरीच आहेत, सीरियाची काही कुटुंबंही. बुधवारपर्यंत उत्तर द्यायचंय. लेझीम चालेल का? खाण्याच्या यादीत अजून फक्त चिवडा आहे. आणि कृपा करून जुने कपडे आणू नका, त्यांचं तळघर भरलंय.

मिलिंद (ढोलपथक):
'परस्पर' काय म्हणून? सप्टेंबरच्या बैठकीत ठरलंय, इतिवृत्त काढून बघा. उन्हाळ्यात चर्चच्याच अंगणात वाजवलं तेव्हा हीच मुलं येऊन टिपरू मागत होती. चार ढोल, एक ताशा, एवढंच तर आहे. पोरं ऑक्टोबरपासून सराव करताहेत, त्यांना मी काय सांगू? लेझीम न्यायचं तर मग ते ज्यांचं आहे त्यांनी बघावं.

वैशाली:
मिलिंद, अंगण आणि सभागृह एक नाही. छत बुटकं, दारं बंद. मी चर्चच्या जर्मन शिकायच्या भाषा-कॅफेत बसते. खारकीवची एक बाई तिथे येते. तिला आवाजाचं काही नाही, पण कुठून आला ते कळलं नाही की ती पांढरीफटक पडते. थर्टी फर्स्टच्या फटाक्यांना ती मुलीला घेऊन न्हाणीघरात बसली होती, कारण तिथे खिडकी नाही. आधी सांगितलं, वाजवणारा समोर दिसला, तर तीच मुलगी ढोल गळ्यात अडकवेल. ताशाची तर्री (जलद कडकडाट) मात्र एकदम सुटते, ती नको. पण कुणी या लोकांना विचारलंय का? आपण आणि पास्टोरिनबाई मिळून त्यांच्या वतीने ठरवतोय.

दिनकरकाका:
वैशाली म्हणते ते मी पाहिलेलं आहे. आमच्या पहिल्या घरमालकीणबाई जुलै १९४३ मध्ये इथल्याच हाम भागात राहत होत्या, शाळकरी वयाच्या. त्या आठवड्यातल्या बॉम्बहल्ल्यांत हाम्बुर्गची माणसं हजारोंनी गेली. सेंट निकोलाई चर्चचा नुसता मनोरा उरलाय, रोज ऑफिसला जाताना दिसतो. या बाई म्हातारपणीही ३१ डिसेंबरला संध्याकाळीच तळघरात जाऊन बसत, विणकाम घेऊन. कुणी थट्टा केली तर म्हणत, वर थंडी आहे.
जाता जाता, अ‍ॅडव्हेंटच्या मेणबत्त्यांचं चक्र आपल्याच गावचं आहे. योहान हिनरिश विखर्न या लुथरन पाद्र्याने १८३९ मध्ये हॉर्न भागातल्या राउहेस हाऊस या मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर वीस लहान आणि चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. तिथली गरीब, उनाड ठरवलेली पोरं नाताळ कधी म्हणून रोज विचारून भंडावत होती. (हे मी दरवर्षी लिहितो, वाचलं असेल तर सोडून द्या.) तसं चोवीस पणत्यांचं चक्र आपण करावं, मुलांनी एकेक लावावी. आवाजाचा प्रश्नच नाही.

नीलिमा:
पणत्या नकोत काका!! दिवाळीत लाकडी फरशीवर सांडलेलं तेल कुणी पुसलं, मला माहितेय.

ओंकार:
युक्रेनवाल्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो ना? मग तेव्हाच ढोल न्या, मोकळ्यावर.

वैशाली:
ओंकार, २०२३ पासून युक्रेनमध्ये सरकारी सुट्टी २५ डिसेंबरलाच आहे, त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही त्याच वर्षी तारखा बदलल्या. काही घरी अजून ७ तारीख पाळतात. पण १४ ला त्यांचा नाताळाआधीचा उपास चालू असतो. खाणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या: मांस नाही, आणि कडक पाळणारे दूध-तूपही घेत नाहीत.

जयश्री:
मग खीर मी करते. आमच्याकडची हुग्गी, खपली गहू, गूळ, नारळाचं दूध. वर खसखस. युक्रेनवाल्यांचं नाताळच्या आदल्या संध्याकाळचं कुट्या म्हणजे जवळपास हेच, फक्त गुळाऐवजी मध. चाखून बघितलंय मी, आजीने केल्यासारखं लागलं.
आजीचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. १९४३ पासून तिथे पोलंडहून परागंदा झालेली पाचेक हजार माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. आजी सांगायची, नाताळात त्यांची गाणी ऐकायला गावातली पोरं छावणीच्या कडेला उभी राहायची. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे. कोल्हापूरला जाल तर बघा, आपण नुसते पांढऱ्या रश्श्याच्या रांगेत उभे असतो.
मोठं पातेलं कुणाकडे आहे?

श्रीकांत (खजिनदार):
दिवाळीची शिल्लक चर्चला देऊ असं दोघांनी मला वैयक्तिक लिहिलंय. तसं करता येत नाही, आपल्या घटनेत बसत नाही. त्यांच्या 'ब्रोट फ्युअर दी वेल्ट' या मदतसंस्थेची दानपेटी असतेच, ज्याला द्यायचंय त्याने आपल्या खिशातून टाकावं. मंडळाच्या नावाचा डबा ठेवू नये, मग पावत्या मलाच कराव्या लागतात.

सुहास:
आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत नाताळाला पेटी, तबला, टाळ असतातच. मी पेटी आणतो, कुणी तबल्याला बसलं तर एक मराठी नाताळ-भजन होईल. इथल्या लुथरन लोकांना चार आवाजांत गायची सवय आहे, धरतील.

मिलिंद:
सुहास, उत्तम. तबल्याला आमचा रोहन आहे. पण म्हणजे ढोल गेलेच ना?

सुप्रिया:
पास्टोरिनबाईंशी बोलले, वैशालीने कॅफेत विचारूनही घेतलं. आत पेटी-तबला, लेझीम. शेवटी ज्यांना हवं त्यांच्यासाठी अंगणात दोन ढोल, ताशा नाही. आधी जर्मन आणि युक्रेनियनमध्ये घोषणा होईल, ती वैशालीच्या मैत्रिणीकडून. नको असेल त्यांनी आत कॉफी घ्यावी.
बेथलेहेमची शांतिज्योतही त्याच रविवारी येते आहे, स्काउटच्या बालवीरांकडून (१९८६ पासूनची प्रथा, लिंझच्या रेडिओवाल्यांनी सुरू केलेली). चर्चमधून सभागृहापर्यंत ती कंदिलातून न्यायची आहे. काचेचे, झाकणाचे कंदील आणा. दिनकरकाका, पणत्या नाहीत.

मिलिंद:
दोन नाही, तीन. तिसरा लहान आहे.

नीलिमा:
पातेलं माझ्याकडे, वीस लिटरचं. पण झाकण गणपतीपासून कुणाकडे तरी आहे, त्याने आधी ते आणून द्यावं. आणि जयश्री, खसखस, नारळ वगैरे कागदावर लिहून समोर चिकटव, मागच्या वेळी त्यावरून बोलणी मी खाल्ली.