गेमिंग साइटचा डेटा फुटला, तर दोष खेळणाऱ्याचा?

तिरकी सोंगटी
एखाद्या गेमिंग साइटचा डेटा फुटला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "लोकांना धड पासवर्ड ठेवायला काय होतं?" मला हे पटत नाही. माइनक्राफ्ट या गेमच्या मोबाइल आवृत्तीसाठी सर्व्हर चालवणाऱ्या लाइफबोटची ७० लाखांहून जास्त खाती जानेवारी २०१६ मध्ये चोरीला गेली. त्यांनी सगळ्यांना गुपचूप पासवर्ड बदलायला लावला, कारण सांगितलंच नाही. एप्रिलमध्ये ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञाने बोभाटा केला तेव्हा कुठे लोकांना कळलं. वर त्यांच्याच सूचनांमध्ये सल्ला होता की पासवर्ड छोटा पण ओळखायला अवघड ठेवा, हे काही ऑनलाइन बँकिंग नाही! आता बोला.

रात्रपाळी
बोलतो की. तोच पासवर्ड मेललाही ठेवा, असं लाइफबोटने सांगितलं होतं का? असा डेटा चोरणाऱ्याला तुमच्या तलवारी-चिलखतात रस नसतो. ईमेल आणि पासवर्डची जोडी मिळाली की प्रोग्रॅम लावून ती शंभर साइटवर चालवून बघतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड असेल तर चोरी एका खात्यावर थांबते. गुपचूप बदलण्यामागे त्यांचं म्हणणं होतं की चोरांना सुगावा लागू नये. अगदीच चूक नाही ते.

तिरकी सोंगटी
सुगावा कसला? डेटा चोरांच्याच हातात होता. अंधारात राहिले ते खेळणारे. लाइफबोटवर नवा पासवर्ड टाकला, मेलवर जुना तसाच, कारण तो बदलायचं कारणच कोणी दिलं नाही. शिवाय पासवर्ड साठवले होते एमडी५ने, म्हणजे पासवर्डचा सांकेतिक ठसा (हॅश) काढायच्या जुन्या, कमकुवत पद्धतीने. तेही सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडायची वेगळी अक्षरं, न लावता. म्हणजे हजार जणांनी एकच पासवर्ड ठेवला असेल तर हजारांचे हॅश हुबेहूब सारखे. एकाचा उकलला की सगळ्यांचा उकलला. हे त्या पोरांनी बाहेरून कसं ओळखायचं?

बघ्या
वाचतोय. चालू द्या.

जुना जॉयस्टिक
मोठ्यांनी तरी काय दिवे लावले? २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरची सुमारे ७ कोटी ७० लाख खाती उघडी पडली. नेटवर्क बंद केलं २० एप्रिलला, डेटा गेल्याचं सांगितलं २६ तारखेला. पुढे ब्रिटनमध्ये अडीच लाख पौंड दंड झाला, पण म्हणून गेलेली माहिती परत येत नाही.
भांडा खुशाल, पण आधी मेलचं खातं बंदोबस्तात ठेवा. बाकी सगळ्या खात्यांचा 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतो. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा, जमलं तर एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप. आणि बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना वापरायचे) त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून नकोत, फोन गेला की तेही गेले.

रात्रपाळी
हेच तर मी म्हणतोय! पीसीवरचे गेम विकणाऱ्या स्टीमने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं की महिन्याला सुमारे ७७ हजार खाती लुटली जातात. सर्व्हर फुटला नव्हता, खेळाडूंनाच एकेक करून गाठलं होतं. टू-फॅक्टरची सोय होती, पण लावणार कोण?

तिरकी सोंगटी
अर्धंच सांगितलंत. त्याच निवेदनात होतं की लुटले गेलेले नवखे नाहीत, त्यात व्यावसायिक खेळाडूही आहेत. आणि मग त्यांनी नुसतं 'काळजी घ्या' म्हटलं नाही. ऑथेंटिकेटर नसेल तर ट्रेड (गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण) काही दिवस रोखून धरायला लागले. म्हणजे मनावर घेतलं तर कंपनीला जमतं.

रात्रपाळी
आणि तेव्हा ट्रेड अडकला म्हणून सगळ्यात जास्त बोंब कोणी मारली? खेळणाऱ्यांनीच ना?