बाजार पडला तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? (अनुभव धागा)

27 सप्टेंबर 2024 ला शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक 26,277 वर जाऊन आला. मग परदेशी संस्थांची विक्री सुरू झाली, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने निर्देशांक उतरत राहिला आणि अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केल्यावर 7 एप्रिल 2025 ला तो 21,743 पर्यंत खाली आला. सुमारे 17 टक्के. जुन्या पडझडींपुढे ही छोटीच म्हणायची, तरी त्या दिवसांत ओळखीपाळखीतला जो तो विचारत होता, विकू का?

मी प्रत्येकाला उलट विचारत होतो, हे पैसे लागणार कधी? बहुतेकांनी तो विचारच केलेला नव्हता. म्हणून हा धागा. पैसे कशासाठी ठेवले होते, केव्हा लागणार होते, घरात काय बोलणं झालं आणि तुम्ही काय केलंत, तेवढं लिहा. रकमा नाही सांगितल्या तरी चालेल. टिप्स आणि शेअरची नावं मात्र कृपया नकोत.

ठाणे

सुरुवात मी करतो. आमच्या लेकीची इंजिनिअरिंगची फी ऑगस्ट 2025 मध्ये भरायची होती. ती दहावीत असतानाच इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडातून दरमहा ठरावीक रक्कम लिक्विड फंडात, म्हणजे अल्प मुदतीच्या कमी जोखमीच्या रोख्यांच्या फंडात, जाईल अशी एसटीपी लावली. 2024 च्या गणपतीत भावोजी म्हणाले, "बाजार पळतोय आणि तुम्ही उतरताय?" त्यांचंही बरोबर होतं, त्या वर्षी लिक्विड फंडाचा परतावा इक्विटीपुढे काहीच नव्हता.

7 एप्रिलला सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) 2,200 अंकांनी पडला. संध्याकाळी लेक मोबाइल घेऊनच आली, "बाबा, माझ्या फीचं?" तिला लिक्विड फंडाचं स्टेटमेंट दाखवलं. पुढच्या दहा वर्षांत न लागणाऱ्या पैशांचा फंड त्याच दिवशी चांगलाच खाली होता, तो मी उघडूनही बघितला नाही.

सातारा, निवृत्त शिक्षिका

मला पेन्शन आहे, ह्यांना नाही. त्यामुळे ह्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना आधी पूर्ण भरली. तेव्हा मर्यादा 15 लाखांची होती, आता 30 लाख आहे. मग तीन वर्षांच्या खर्चाएवढ्या एफडी, त्याही पुढेमागे संपणाऱ्या. उरलेले म्युच्युअल फंडात.

23 मार्च 2020 ला बाजार उघडल्यावर तासाभरातच 10 टक्के पडून सर्किट लागलं, व्यवहार 45 मिनिटं थांबले. दिवसअखेर सेन्सेक्स 13 टक्क्यांनी खाली, 25,981. हे टीव्हीसमोरून उठेनात. मी एफडीच्या पावत्यांची पिशवी आणून मुदतीच्या तारखा एकेक करून वाचून दाखवल्या. शेवटची तारीख 2023 मधली होती. त्यावर हे म्हणाले, "मग आपल्याला विकायचंय कशाला?" आणि टीव्ही बंद केला.

आम्ही स्वस्तात म्हणून काही घेतलंही नाही. दिवाळीपर्यंत सेन्सेक्स 42,000 च्या वर गेला, शेजारी म्हणाले, संधी घालवलीत. पण तेव्हा हाताशी असलेले पैसे औषधपाण्याचे होते. तसा प्रसंग आज आला तरी मी ते बाजारात घालणार नाही.

इचलकरंजी, यंत्रमागवाले

नोकरदारांनी तीन वर्षांच्या खर्चाचे हिशोब सांगितलेत. धंदेवाल्याचं गणित वेगळं असतं, म्हणून 2008 चं सांगतो.

जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या वर होता. थोरल्या बंधूंनी शेअर तारण ठेवून कर्ज काढलं आणि त्यातून आणखी शेअर घेतले. 21 आणि 22 जानेवारीला बाजार कोसळला तेव्हा कर्ज देणाऱ्याचा पहिला फोन आला, मार्जिन भरा, म्हणजे तारण कमी पडतंय तेवढे पैसे टाका. भरलं. पुढे भाव उतरेल तसे फोन येत राहिले. इकडे कापडाला उठाव नाही, व्यापाऱ्यांकडची येणी अडकलेली, सुताचे पैसे मात्र वेळेवर द्यायचे आणि मजुरी आठवड्याला चुकती करायची. बाजार पडतो तेव्हा धंदाही बसतो, दोन्हीकडचा पैसा एकदमच आटतो. ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत सेन्सेक्स 8,000 च्याही खाली गेला. त्याच सुमारास मार्जिन कमी पडलं आणि समोरच्याने तारणातले शेअर विकून टाकले. करारात तशी मुभा होतीच.

शेअर चांगल्या कंपन्यांचे होते. 18 मे 2009 ला निवडणूक निकालानंतर बाजाराला वरचं सर्किट लागलं, दिवसभराचे व्यवहार बंद झाले, सेन्सेक्स एका दिवसात 2,100 अंक वर. बंधूंच्या खात्यात तेव्हा काही उरलं नव्हतं. त्यांच्याकडे धीर होता हो, पण उसन्या पैशावर धीर धरायचा हक्क सावकाराकडे असतो.

तेव्हापासून आमच्या घरात शेअरवर कर्ज नाही. कारखान्याची वर्षभराची मजुरी आणि सुताची देणी भागतील एवढे पैसे बँकेत, त्यावर उरेल तेच बाजारात.

सिएटल

इचलकरंजीच्या दादांशी पूर्ण सहमत, नोकरीतही तेच होतं. इथे पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळतात. 2022 मध्ये इथला नॅस्डॅक निर्देशांक 33 टक्के पडला आणि वर्ष सरता सरता नोकरकपातही सुरू झाली. आमच्या टीममधल्या काहींची नोकरी गेली ती शेअर तळाला असताना, आणि घराचे हप्ते त्याच शेअरमधून भरायचे ठरलेले. मी शेअर हातात पडतील तसे विकतो आणि ते पैसे इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) टाकतो.

डोंबिवली

पडत्या बाजारातली एक कामाची गोष्ट. मार्च 2025 मध्ये माझा एक फंड तोट्यात होता, दुसऱ्यात दीर्घ मुदतीचा नफा काढला होता. तोट्यातला विकून त्याच दिवशी तशाच प्रकारच्या दुसऱ्या फंडात पैसे घातले. तोटा नफ्यातून वजा झाला, करही कमी झाला. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरावं लागतं.

सांगली

माझी एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) 2021 पासून, सगळी स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडात. अजून मुद्दलाच्या वर आहे, पण नफा बघता बघता निम्मा झाला. 2020 सारखं काही महिन्यांत वर येईल ना?

ठाणे

तसं गृहीत धरू नका. स्मॉलकॅपचा निर्देशांक जानेवारी 2018 ला शिखरावर होता, तिथून मार्च 2020 पर्यंत निम्म्याहून जास्त उतरला. जुनी पातळी दिसायला 2021 उजाडलं. रोज थोडं थोडं पडत दोन वर्षं गेली, टीव्हीवर बातमीसुद्धा नसायची. एका दिवसाच्या आपटीपेक्षा अशा काळात एसआयपी बंद करणारे मी जास्त पाहिलेत. तुम्हाला हे पैसे कधी लागणार आहेत?

सांगली

बहिणीचं लग्न आहे, 2027 च्या आत. बाकीच्याला घाई नाही. बाबांशी बोललो. लग्नापुरते पैसे दरमहा थोडे थोडे लिक्विड फंडात हलवतोय, सोमवारी एसटीपी लावतो. एसआयपी चालू ठेवतो.